प्रवाळाच्या टाकीतला उजेड: एक प्रस्तावना

घरी प्रवाळाची टाकी मांडायची ठरली की दिव्याचा प्रश्न लगेच येतो, आणि तो बहुधा एकाच साच्यात विचारला जातो: चार फुटी टाकीला किती वॅट लागतील? दुकानदार आकडा सांगतो, दिवा घरी येतो, टाकी निळ्या उजेडाने भरून जाते, आल्यागेल्याला दाखवण्याजोगी दिसते. दोन-तीन महिन्यांत वरच्या खडकावरचे प्रवाळ फिकट पडू लागते, तळाचे तपकिरी होते, आणि दोष दिव्यावर जातो. दिवा बहुतेक वेळा चांगलाच असतो. वॅट हे दिवा किती वीज घेतो याचे माप आहे. पाण्याखाली किती उजेड पोहोचतो, कोणत्या रंगाचा पोहोचतो, किती वेळ पोहोचतो, यातले काहीच ते सांगत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टाकीवरच्या दिव्याची गिऱ्हाइके दोन आहेत. एक आपला डोळा, दुसरे प्रवाळाच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल. दोघांना एकच माल हवा असतो असे आपण गृहीत धरतो, आणि ते खरे नाही. माझ्या मते या क्षेत्रातली निम्मी भांडणे एका गिऱ्हाइकाची गरज दुसऱ्याच्या मापाने मोजल्यामुळे होतात.

हे दुसरे गिऱ्हाईक ओळखायला विज्ञानालाही वेळ लागला. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याला तोंड आहे, दंशपेशी असलेली संस्पर्शके आहेत, रात्री तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातो. 1928-29 मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आयल्स इथे मुक्कामाला होती. तिथे प्रवाळ अंधारात कोंडून ठेवण्यात आले. त्यांनी आपल्यातले शैवाल बाहेर टाकले, ते पांढरे पडले, पण भक्ष्य मिळत राहिले तेव्हा जगले. यंग यांनी यावरून ठरवले की शैवाल हे प्रवाळाचे अन्न नव्हे. प्रयोग चोख होता, निष्कर्ष अपुरा होता. 1950 च्या दशकात जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले की प्रवाळाचा चुनखडी सांगाडा अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने बांधला जातो. पाठोपाठ लिओनार्ड मस्कॅटीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन-14 च्या साहाय्याने शैवालाने बनवलेले अन्न यजमान प्राण्याच्या शरीरात कसे उतरते याचा माग काढला. आज आपण जाणतो की उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा, काहींच्या बाबतीत नव्वद टक्क्यांच्याही वर, या शैवालाकडून येतो.

म्हणजे टाकीवर दिवा लावणे हे रोजचे जेवण वाढणे आहे. अपवाद आहेतच. ट्युबॅस्ट्रिया हे नारिंगी-पिवळे सुंदर प्रवाळ शैवालाशिवाय जगते. ज्याचे मन त्यावर बसले त्याने दिव्याचे पैसे वाचवून ते रोजच्या खाद्यावर खर्च करावेत. पण जिला आपण सर्वसाधारणपणे रीफ टाकी म्हणतो, तिच्यात हे शैवालच मुख्य खाणारे.

आता मापांकडे वळू. इथेच नवा माणूस सर्वांत जास्त अडखळतो, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हरकत नाही.

लक्स हे मानवी डोळ्याचे माप आहे. आपला डोळा दिवसा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असतो. 450 नॅनोमीटरच्या गडद निळ्या उजेडाची ऊर्जा तेवढीच असली तरी डोळ्याला तो त्याच्या शंभरातल्या चारेक भागाइतकाच जाणवतो. प्रवाळातल्या शैवालाचा कल नेमका उलटा. त्यातले क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी2 आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये मिळून जांभळ्यापासून निळसर हिरव्यापर्यंतचा पट्टा भरभरून शोषतात. त्यामुळे गडद निळ्या एलईडीखाली लक्स मीटर ‘अंधार आहे’ म्हणतो तेव्हा शैवालाच्या दृष्टीने भर दुपार असू शकते. डोळ्याला मंद वाटणाऱ्या निळ्या दिव्याखाली नव्याने आणलेले प्रवाळ करपते ते यामुळेच.

केल्विनची गोष्ट आणखी फसवी. तापून लाल, मग पिवळ्या, मग निळसर होत जाणाऱ्या आदर्श पदार्थाच्या रंगाशी दिव्याच्या रंगाची तुलना करून हा आकडा काढतात. 6,500 म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, 14,000 निळसर, 20,000 चांगलाच निळा. पण दोन दिव्यांचा केल्विन एक असूनही त्यांच्यातल्या तरंगलांबींची वाटणी अगदी वेगळी असू शकते. निळ्या एलईडींचा रंग तर त्या आदर्श पदार्थाच्या रंगक्रमात कुठे बसतच नाही. खोक्यावरचा केल्विन वाचून एवढेच कळते की टाकी आपल्याला साधारण कशी दिसेल.

तिसरे माप ‘पार’. 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते यात मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात निरभ्र आकाशाखाली भर दुपारी हा आकडा 2,000 च्या घरात जातो. रीफ टाकीसाठी आज तरी याहून सोयीचे माप नाही. तरी त्याचे कूळ ठाऊक असावे. टेक्सासमध्ये कीथ मॅक्क्री यांनी शेतातल्या पिकांची पाने वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात तपासली, त्यांचा निबंध 1972 मध्ये आला, आणि या पट्ट्यातला प्रत्येक प्रकाशकण सारखाच मोजायचा ही पद्धत त्यातून पक्की झाली. पानाला हे बऱ्यापैकी लागू पडते. प्रवाळातले शैवाल पिवळ्या-नारिंगी कणांचा निळ्याइतका उपयोग करत नाही. 400 च्या खालचा जांभळा-अतिनील भाग तर या मापात येतच नाही. म्हणून दोन दिव्यांचे पार सारखे आले तरी प्रवाळाला दोन्ही सारखेच लाभतील असे नाही. पार मीटरचे संवेदकही रंगाबाबत नेहमीच निःपक्षपाती नसतात. जुन्या पिढीतले काही संवेदक निळ्याला कमी मोजत. शिवाय हवेसाठी जुळवलेला संवेदक पाण्यात बुडवला की त्याच्या आकड्याला ठरावीक गुणक लावावा लागतो. निर्मात्याच्या पत्रकात तो दिलेला असतो, आणि बहुतेक जण ते पत्रक खोक्यासकट टाकून देतात.

एवढी काटछाट करूनही माझा सल्ला असा की एखाद्या ओळखीच्या हौशी माणसाकडून पार मीटर एका दुपारपुरता मागून आणावा. खडकाच्या माथ्यावर, मध्यावर, तळाशी, कोपऱ्यांत, सावलीत आकडे घ्यावेत आणि टाकीच्या नकाशावर लिहावेत. मध्यावर 350 आणि वीतभर बाजूला 90 असे पहिल्यांदा पाहिले की ‘किती वॅट?’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

प्रश्नाचा क्रमच बदलायला हवा. आधी प्रवाळ ठरवावे, मग त्याची जागा, मग दिवा. मशरूम आणि बरीच मऊ प्रवाळे 50 ते 100 पारमध्ये खुशाल वाढतात. युफिलियासारखी मोठ्या पॉलिपची प्रवाळे 75 ते 150 च्या दरम्यान रमतात. पसरट मॉन्टिपोराला 150 ते 250 पुरते. फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरासाठी अनुभवी लोक 250 ते 350 धरतात. हे आकडे हौशी लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत, निसर्गाचा नियम म्हणून ते पाठ करू नयेत. अ‍ॅक्रोपोरा समुद्रात खडकाच्या माथ्यावर दुपारी याच्या कैक पट उजेड सोसते, मग टाकीत एवढ्यात कसे भागते, असे कोणी विचारील. प्रकाशसंश्लेषण उजेडाबरोबर वाढते ते एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे आलेले कण उपयोगी पडत नाहीत, ते उष्णतेच्या रूपात निचरून टाकण्याचे काम शैवालावर पडते. आणखी पुढे गेले की यंत्रणाच बिघडते. दुपारच्या झळाळीतला बराच भाग अ‍ॅक्रोपोराला वाया घालवावाच लागतो.

तीव्रतेइतकीच मुदतही महत्त्वाची. 250 पारचे नऊ तास म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे 8 मोल प्रकाशकण; 200 पारचे अकरा तास जवळपास तेवढेच देतात. दिवा जरा कमकुवत निघाला तर तो तडकाफडकी विकायची गरज नसते. मात्र चोवीस तासांकडे सरकू नये. उष्ण कटिबंधातला दिवस साधारण बारा तासांचा असतो, आणि रात्र हाही प्रवाळाच्या दिनक्रमाचा भाग आहे.

नवीन प्रवाळ आणल्यावर उजेड निम्म्यावर आणून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्यावा, हा नियम जुन्या लोकांनी घालून दिला तो बरोबरच आहे. फिकटपणा म्हणजे उजेड जास्त, तपकिरीपणा म्हणजे कमी, हा त्याच्या जोडीचा नियम मात्र अर्धाच खरा. पाण्यात नायट्रेट वाढले तरी शैवाल दाटते आणि प्रवाळ तपकिरी होते. पोषक द्रव्ये अगदी संपली तर ते भरपूर सावलीतही फिकटते. आणखी एक गुंता तापमानाचा. गरम पाण्यात शैवालाची प्रकाश वापरणारी यंत्रणा आधी कोलमडते, आणि मग रोजचाच उजेड विषासारखा होतो. समुद्रातले सामूहिक विरंजन, म्हणजे प्रवाळांचे एकगठ्ठा पांढरे पडणे, याच वाटेने होते. 1998 साली ते जगभर दिसले, त्यात लक्षद्वीपही होते. घरात मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला तर दुरुस्ती करणारा येईपर्यंत दिवा निम्म्याने कमी करून ठेवावा. अशा वेळी प्रवाळाला चार दिवस उपास परवडतो.

दिव्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे, पण इथे त्याची धावती ओळख पुरे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीबाहेरचा सूर्य एवढ्यावर प्रवाळ राखले आणि 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात ती पद्धत लिहिली. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याला दिव्याची चिंता नव्हती. ती बर्लिनकरांना होती. तिथल्या हौशी मंडळींनी जिवंत खडक आणि पाण्यातला सेंद्रिय मळ फेसाने काढणाऱ्या प्रोटीन स्किमरच्या जोडीला मेटल हॅलाइड दिवे टांगले. डीट्रिख श्ट्यूबर यांनी या पद्धतीने वाढवलेल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हातोहाती दूरदूरच्या टाक्यांत पोहोचले. अमेरिकेत 1986 च्या सुमारास जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ‘मिनी रीफ’ची लाट आणली. पुढे पातळ टी-फाइव्ह ट्यूब आल्या. आणि 1993 मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी बनवल्यावर, ज्या कामासाठी त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह 2014 चे नोबेल मिळाले, रीफच्या दिव्यांचे भवितव्य जवळपास ठरूनच गेले.

या इतिहासात एक काम मला विशेष मोलाचे वाटते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी बाजारातल्या मेटल हॅलाइड दिव्यांचे वर्णपट एकामागून एक मोजून प्रसिद्ध केले. तोच बल्ब वेगवेगळ्या बॅलास्टवर (बल्बचा वीजप्रवाह सांभाळणाऱ्या उपकरणावर) लावला की उजेडाचे प्रमाण आणि रंग दोन्ही बदलतात, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. तोवर हा विषय बराचसा ऐकीव होता.

आज कोणता प्रकार घ्यावा? मेटल हॅलाइडचा उजेड अजूनही देखणा. पाण्याच्या लहरींची जी झिलमिल तो तळावर पाडतो तिला तोड नाही. पण 250 वॅटचे दोन दिवे नऊ तास चालले की रोजचे साडेचार युनिट झाले, वर ते पाणी तापवतात, म्हणजे चिलरचा खर्च वेगळा, आणि वर्षाच्या आत-बाहेर बल्ब बदलावे लागतात. मुंबई-पुण्याच्या हवेत मी हा मार्ग सुचवणार नाही. टी-फाइव्हचा उजेड लांबट स्रोतातून येतो, त्यामुळे तो फांद्यांच्या बगलांतही शिरतो. एलईडीचा उजेड ठिपक्यातून येतो आणि भिंगांनी एकवटला की खाली कडक सावल्या पडतात. अ‍ॅक्रोपोराच्या वसाहतीची वरची बाजू रंगीत आणि खालची मेलेली, हे दृश्य त्यातूनच. एकच ताकदवान एलईडी मधोमध टांगण्यापेक्षा दोन-तीन मध्यम ताकदीचे पसरून लावणे, किंवा एलईडीच्या दोन्ही बाजूंना टी-फाइव्ह ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. ढग आणि विजांचा देखावा करणाऱ्या सोयींसाठी जादा पैसे मोजू नयेत. मासे बिचकतात, एवढाच त्यांचा परिणाम मी पाहिला आहे.

रंगाच्या बाबतीत एक साधी गोष्ट लक्षात घेतली तर पुष्कळ उलगडते. समुद्रात पाणीच गाळणी असते. शुद्ध पाण्यात 650 नॅनोमीटरचा तांबडा उजेड दहा मीटर खाली जाईपर्यंत शंभरातला तीनेक भागच उरतो. निळा मात्र खोलवर जातो. घरच्या टाकीत पाणी जेमतेम दीड-दोन फूट. एवढ्याशा पाण्यात तोच तांबडा उजेड शंभरातला ऐंशीच्या वर शिल्लक राहतो. म्हणजे टाकीची खोली रंग गाळत नाही, ते काम दिव्यालाच करावे लागते. आपण दिव्याचा रंग निवडतो तेव्हा खरे तर समुद्रातली एक खोली निवडत असतो. याला जोडून एक सावधगिरी: जुन्या टाकीतले पाणी हळूहळू पिवळसर होते आणि ते निळा-जांभळा उजेड खाते. खूप दिवसांनी फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घातला की पाणी एका रात्रीत निवळते, आणि दिव्याला हातही न लावता प्रवाळावरचा निळा उजेड वाढतो.

पण खोलीवरचा समुद्र सगळीकडे निळा नसतो, आणि ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर बाहेर अँग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा वीसेक मीटर खोल, पाणी नितळ, उजेड निळा. मालवणच्या किनाऱ्यालगत, जिथे 1987 मध्ये सागरी अभयारण्य झाले, पाण्यात गाळ, प्लवक आणि नद्यांनी आणलेली पिवळसर सेंद्रिय द्रव्ये असतात. ती निळा उजेड आधी खातात, आणि खोलवर जातो तो हिरवट उजेड. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली प्रवाळे तर गढूळपणातच जन्म काढतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या काही वसाहती हलवाव्या लागल्या तेव्हा अनेक मुंबईकरांना त्यांचा पहिल्यांदा पत्ता लागला. एकाच सूर्याखाली, एकाच राज्यात, प्रवाळांचे उजेड इतके निराळे. ‘रीफचा नैसर्गिक रंग’ असे दिव्याच्या जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा कोणता रीफ, हे विचारायला हवे.

इथेच कायद्याचेही बोलून घेतो. भारतात सर्व कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग ते जिवंत असो वा मेलेले. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचेही नियंत्रण आहे. भारतात राहणाऱ्याने कोणताही जीव घेण्याआधी वनखात्याकडून खात्री करून घ्यावी, परदेशात राहणाऱ्याने तिथल्या नियमांची. कागदपत्रे नाहीत असे सांगणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलूच नये.

आता निळ्या दिव्याच्या मोहाविषयी. गडद निळ्या उजेडात प्रवाळे हिरवी, नारिंगी, लाल चमकतात, कारण त्यांच्या ऊतींतली प्रथिने निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. जेलीफिशमधले असे हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी 1962 मध्ये वेगळे केले होते. 1999 मध्ये रशियन संशोधकांनी त्याची भावंडे प्रवाळांत शोधली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे लाल प्रथिन डिस्कोसोमा या मशरूम प्रवाळातून मिळाले. मॉस्कोतल्या एका हौशी माणसाच्या घरच्या टाकीतून ते आले, हे आपल्या मंडळींनी अभिमानाने सांगावे असे आहे. ही प्रथिने प्रवाळाच्या कोणत्या कामाची? जपानी संशोधक सिरो कावागुती यांनी 1940 च्या दशकातच सुचवले होते की ती जादा उजेडापासून संरक्षण देत असावीत, आणि उथळ पाण्यातल्या प्रवाळांबाबत त्याला पुढे आधार मिळाला. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या गटाने 2017 मध्ये दुसरी बाजू मांडली: खोल पाण्यातली काही प्रवाळे याच प्रथिनांनी निळ्या उजेडाचे नारिंगी-लाल करतात, आणि तो उजेड ऊतींत अधिक खोल शिरून आतल्या शैवालापर्यंत पोहोचतो. निळा उजेड मिळाला की कित्येक प्रवाळे ही रंगद्रव्ये जास्त बनवतात, हेही आता ठाऊक आहे. म्हणजे आपल्या डोळ्याची हौस आणि प्रवाळाचे शरीरशास्त्र या एका ठिकाणी जुळतात. तरी निळ्या उजेडातल्या छायाचित्रावरून प्रवाळ विकत घेऊ नये. पांढऱ्या उजेडातला फोटो मागावा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर समजून घ्यावे.

शेवटचा प्रांत चंद्राचा, आणि तिथे हे क्षेत्र अजून तरुण आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री असंख्य प्रवाळे एकाच वेळी अंडी-शुक्राणू सोडतात, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उघडकीस आले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी दिवसाची लांबी, ऋतूंचे तापमान आणि चंद्राच्या कला यांची हुबेहूब नक्कल करून बंद टाकीत अ‍ॅक्रोपोराकडून ते घडवून आणले आणि 2017 मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. घरच्या टाकीत हे साधायचे तर चंद्र कलेकलेने वाढला-घटला पाहिजे, रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवला पाहिजे आणि अमावास्येला नाहीसा झाला पाहिजे. बाजारातल्या बहुतेक दिव्यांची ‘मूनलाइट’ कळ यातले काही करत नाही. ती वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, रात्रभर, एकसारखा निळा उजेड ठेवते, तोही खऱ्या पौर्णिमेच्या कितीतरी पट. ज्याला एवढी नक्कल करायची तयारी नाही, त्याने ती कळ बंद ठेवावी. रात्री मासे पाहायचेच असतील तर छोटी तांबडी विजेरी पुरते.